पाटीवर ठोकलेला पत्ता

वेबसाइट केरसुणीने झाडता येते असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला भाऊ निघाला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. राग गेला का, असं घरातले मला अधूनमधून विचारतात. नाही गेला.

आमचा कडबाकुट्टी मशीनचा कारखाना होता. कारखाना म्हणजे गडमुडशिंगीच्या वाटेवरची पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात ऑफिस म्हणून काढलेली खोली आणि दारात अण्णांची खुर्ची. अण्णा म्हणजे आमचे वडील. उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर अर्धं आयुष्य काढून नव्वदच्या सुमाराला त्यांनी स्वतःची शेड घातली. ज्यांच्या दारात म्हैस नाही त्यांच्यासाठी सांगते, कडबाकुट्टी म्हणजे वैरणीचे बारीक तुकडे करणारं यंत्र. एका बाजूने पेंढी सारायची, दोन दातेरी रोलर ती आत ओढतात आणि पलीकडच्या चाकाची पाती तिचे तुकडे करतात. रोलरला पेंढी कुठली आणि मनगट कुठलं ते कळत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका दूधवाल्या बाईचा हात असाच गेला होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी मशीनमध्ये. किंकाळी ऐकून धावत जाऊन मोटर बंद केली ती अण्णांनी. पुढे कित्येक दिवस ते भरल्या ताटावरून उठून जायचे. रोलर उलटे फिरवायची सोय असलेली मशिनं बाजारात तेव्हाही होती, पण ती सोय आडबाजूला असायची, घाबरलेल्या माणसाला सापडायची नाही. अण्णांनी आपल्या मशीनला ती दांडी पेंढी सारणाऱ्याच्या उजव्या हाताशी आणून बसवली आणि तिला लालभडक रंग दिला. दांडी आपल्याकडे ओढली की रोलर उलटे फिरणार आणि आत घेतलेलं बाहेर टाकणार. "माझ्या मशीननं कुणाचा हात खाल्ला, तर त्या दिवशी शेडला कुलूप," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लोक हसायचे. आम्हालाही ती बोलायची पद्धत वाटायची.

मशीन विकायची त्यांची रीतही जगावेगळी होती. बिद्रीकडून, कागलकडून गडी माणसं टेम्पो घेऊन यायची, पसंत करायची, आणि उचलायची वेळ आली की अण्णा विचारायचे, "पावणं, घरात वैरण कोण घालतंय?"

"मंडळी घालत्यात की."

"मग मंडळीला घिऊन या."

पावणे चिडायचे. इतक्या लांबून आलोय, आता परत जायचं का म्हणून आवाज चढवायचे. अण्णा खुर्चीतून हलायचे नाहीत. शेवटी पावणे जायचे आणि बायकोला, नाहीतर आईला टेम्पोत पुढे बसवून घेऊन यायचे. मग अण्णा त्या बाईला मशीनपुढे उभी करून लाल दांडी तीनदा ओढायला लावायचे. "हात आत न्हाय, पेंढी आत. आडकलं की आधी दांडी." त्यानंतरच मशीन टेम्पोत चढायचं. शिवाय चाकाला एक पिवळा कागद बांधलेला असायचा. त्यावर तेच सगळं चित्रांसकट, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत.

मी बी.कॉम. झाले, सासर गावातच मिळालं, आणि रोज सकाळी डबा घेऊन मी शेडवर यायला लागले. फोन उचलायचा, बिलं करायची, डीलरांशी गोड बोलायचं. तोवर अण्णांचे गुडघे गेले होते आणि कारभार दादाच्या हातात आला होता. दादाने धंदा वाढवला, हे मी नाकारत नाही. जयसिंगपूरपासून पार विजापूरपर्यंत त्याने डीलर नेमले. पण डीलर काही मंडळीला बोलावून दांडी ओढायला लावत नाही. तो मशीन देतो आणि मोकळा होतो. पिवळा कागद वाटेतच फाटायचा, नाहीतर गोठ्यातले उंदीर खायचे.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी दादा एका औद्योगिक प्रदर्शनाला गेला आणि वेबसाइट करायची असं ठरवूनच परत आला. त्याची कल्पना चांगली होती, हेही मी कबूल करते. अण्णांचा पिवळा कागद जसाच्या तसा साइटवर चढवायचा आणि त्या पानाचा पत्ता प्रत्येक मशीनवर पाटी करून ठोकायचा. कागद हरवतो, पाटी हरवत नाही. अॅल्युमिनियमची पाटी, तिच्यावर पंच मारून उठवलेली अक्षरं, वर आमचं नाव-गाव, खाली "वापरायची रीत इथे बघा" आणि त्या पानाचा लांबलचक पत्ता. चार कोपऱ्यांना चार रिबिटं. गावोगावी नेट कॅफे निघत होते, दूध सोसायट्यांमध्ये संगणक येत होते. ज्याला स्वतः जमत नाही तो कुणाकडून तरी उघडून घेईल, छापून घेईल. अण्णांनी पाटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हंजे मी मेलो तरी ही दाखवत ऱ्हाणार."

पहिलं वर्ष खरोखर सुखाचं गेलं. लातूरकडच्या एका दुकानदाराने साइट बघून फोन केला. एका दूध सोसायटीच्या सचिवाने पान छापून भिंतीला लावल्याचं कळवलं. मग दिवाळी आली.

आमच्या घरात दिवाळीची साफसफाई म्हणजे घराच्या पोटातलं सगळं बाहेर काढणं. वसुबारसेच्या आत माळ्यावरचे डबे उतरतात, जुनी पातेली मोडीत जातात, भिंतींना चुना लागतो. शेडमध्येही तेच. वर्षभराचं भंगार टेम्पोत जातं, मशिनं रॉकेलने पुसतात, जुनी कॅलेंडरं, जुने बोर्ड, सगळं बाहेर. जुनं घरात ठेवून लक्ष्मीला बोलवायचं नाही, हा आईचा दंडक. त्या वर्षी दादाने वेबसाइटवाल्याला फोन केला आणि माझ्यासमोर सांगितलं, "दिवाळीच्या आत साइट बी झाडून घे. जुनं काय सुदिक ठेवू नको."

वेबसाइटवाला म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत तीन संगणक मांडून बसलेला गृहस्थ. सांगकाम्या म्हणावं तर इतका की, त्याने खरंच काही ठेवलं नाही. जुनी पानं पुसली, नवी केली, सगळ्यांना नवी नावं दिली. पहिलं पान उघडलं की पणत्या लुकलुकायच्या, लक्ष्मीची पावलं चालत यायची, सनई वाजायची. दादा खूष. त्याने घरातल्या प्रत्येकाला बोलावून ते दाखवलं. फराळाला आलेल्या पाहुण्यांनाही दाखवलं. त्या पणत्यांच्या मागे काय उरलंय ते मात्र एकानेही बघितलं नाही. दारातली रांगोळी बघून घर झाडलंय म्हणावं, तसा प्रकार.

आणि हे पुढच्या दिवाळीला पुन्हा झालं. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी नवी पानं, नवी नावं, आधीची गायब. आणि शेडमध्ये पाट्या मात्र त्याच जुन्या पत्त्याच्या, कारण पंच एकदाच करून घेतला होता.

मला सुगावा लागला तो फोनवरून. म्हणजे फोन यायचा थांबला त्यावरून. डीलर सोडून नवं गिऱ्हाईक फोन करेना. जे करत होते ते तक्रार करत होते. एकजण म्हणाला, तुमचं पात्यांच्या किमतीचं पान उघडत नाही, मी दुसऱ्याकडून घेतली. विजापूरचा डीलर म्हणाला, ताई, डीलरांच्या यादीत माझं नाव होतं, आता ते पानच नाही, गिऱ्हाईक मला खोटा समजतंय. चौकशीचा अर्ज भरून पाठवलेल्यांना उत्तर नाही म्हणून शिव्या. तो अर्ज कुठे जात होता ते देवाला ठाऊक. दादाचं एकच पालुपद, "मार्केट डाऊन हाय."

एका दुपारी मी ऑफिसातल्या संगणकावर नेट जोडलं आणि साइटवर जिथे जिथे टिचकी मारता येते तिथे तिथे मारली. उत्पादनं उघडलं तर एका मशीनचं चित्र आणि बाकी ठिकाणी "काम चालू आहे", शेजारी फावडं मारणारा एक बाहुला. सुटे भाग, पान नाही. डीलर, पान नाही. मग मी उठून शेडमध्ये गेले, उभ्या असलेल्या एका मशीनच्या पाटीवरचा पत्ता अक्षर अन् अक्षर उतरवून आणला आणि टाइप केला. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, की हे पान सापडत नाही. इंग्रजीत. गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईला आम्ही इंग्रजीत सांगत होतो की तुझा हात वाचवायची रीत सापडत नाही.

दादाला सांगितलं. त्याने मान वर न करता ऐकलं आणि म्हणाला, "आत्ताच नवीन केलंय सगळं. आता फुडच्या दिवाळीला बघू."

"दिवाळीला? लोकं दिवाळीपर्यंत वैरण कापायची थांबणार आहेत का?"

"आगं, डीलर सांगतोय की त्यांना. तू फोन बघ."

तू फोन बघ. हे वाक्य मी त्या शेडमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी म्हटलं तर अंगावर काटा येतो. मी वेबसाइटवाल्याच्या खोलीवर गेले. तो म्हणाला, "ताई, जुना पत्ता आता कोण बघतंय?"

"मशीनवर ठोकलाय तो."

"मग पाट्या बदला की."

पाट्या बदला. पन्हाळ्यापासून विजापूरपर्यंत गोठ्यागोठ्यांत जाऊन, शेणात उभं राहून, रिबिटं काढून. मी त्याला विचारलं, त्यापेक्षा ते एक पान जुन्या नावाने परत ठेवता येत नाही का. येतं की, म्हणाला, पण दादांनी सांगायला पाहिजे, गिऱ्हाईक ते आहेत. दादाला परत सांगितलं. दादा म्हणाला, त्याला फोन करतो. केला नाही. मी अण्णांपर्यंत गेले नाही, कारण त्यांना वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्यातच दिवस गेला असता, असं मला दादाने पटवलं होतं. त्याचा राग आहे तो वेगळाच.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी एक नवराबायको शेडच्या दारात येऊन उभे राहिले. शिरोळ तालुक्यातले, जयसिंगपूरजवळच्या खेड्यातले. बाईचा उजवा हात पदराखाली. नवऱ्याने पिशवीतून आमची पाटी काढली आणि दादाच्या टेबलावर ठेवली. रिबिटं छिन्नीने उडवली होती, कोपरे वाकले होते.

"ही तुमचीच न्हवं?"

दादा म्हणाला, व्हय, आमचीच. बाई म्हणाली, "कंपनी बंद पडली म्हनलाता कॅफेवाला. दवाखान्याला आलतो हिकडं, म्हटलं बघून तरी जाऊया. तर चालू हाय की."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन दुकानातून नवं कोरं घेतलं. दुकानदार म्हणाला, समदं पाटीवर हाय, नेटवर बघा. नवरा पत्ता उतरवून जयसिंगपूरला कॅफेत गेला, पैसे देऊन बसला, आणि इंग्रजीतल्या त्याच दोन ओळी बघून परत आला. कॅफेवाल्याने सांगितलं, साइटचं पान गेलंय म्हणजे कंपनी गुंडाळली असणार. मग फोन तरी कुणाला करायचा. महिनाभराने उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा पाला, रोलरमध्ये अडकलं. बाई एकटीच होती. तिने ते हाताने ओढून बघितलं, आणि रोलरने ते एकदम आत खेचलं तेव्हा तिचा हातही आत गेला. दोन बोटं गेली.

दादाला हे ऐकूनसुद्धा काय सुचावं? "बंद कशी पडंल कंपनी? ही बघा की," म्हणत त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि साइट उघडली. पणत्या लुकलुकल्या. पावलं चालत आली. सनई वाजली. ती दोघं बिचारी ते संपेपर्यंत बघत राहिली.

"हे न्हवं, सायेब," नवरा म्हणाला. "पाटीवरचं उघडा."

दादाने पाटी जवळ ओढली आणि एकेक अक्षर बघत पत्ता टाइप केला. दोन ओळी आल्या. त्याने परत टाइप केला. परत त्याच. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मला, खरं सांगते, त्याची कणभरही दया आली नाही.

अण्णा दारातल्या खुर्चीतून सगळं ऐकत होते. भिंतीला धरून उठले, बाईसमोर येऊन उभे राहिले.

"लाल दांडी वडली न्हाईस व्हय, पोरी?"

"ती कशाची ते कुठं ठावं हुतं? ह्यांस्नी वाटलं, पेंढी घट्ट धरायची आसंल. म्हणून तिला हातच लावला न्हाय."

अण्णा दादाकडे बघतसुद्धा नव्हते. "ये हिकडं," म्हणून ते तिला शेडमधल्या नव्या मशीनकडे घेऊन निघाले. दादा मागून म्हणाला, "अण्णा, आता कशाला त्यांना—"

"दाखवू द्या की," बाईच म्हणाली. "म्हशी हायत्या अजून. वैरण मलाच घालायची हाय."

अण्णांनी तिला मशीनपुढे उभी केली. दांडी उजव्या बाजूला होती. अण्णांनीच ती उजव्या हातासाठी तिथे आणली होती. बाईने डावा हात अंगावरून आडवा नेऊन ती धरली, ओढली. परत ओढली. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाले, बास. शेडमधले सगळे कामगार हात थांबवून उभे होते.

तिच्या दवाखान्याचं अण्णांनी पुरतं बघितलं, त्यावर इथे जास्त बोलत नाही. ती दोघं गेल्यावर त्यांनी मेन स्विच पाडला, कामगारांना घरी पाठवलं आणि शेडच्या शटरला कुलूप लावलं. चावी स्वतःच्या खिशात. ऑफिसच्या खोलीचं दार तेवढं उघडं ठेवलं. दादाला म्हणाले, "पाटीवरचं पान उघडंस्तवर शेड उघडायचं न्हाय." हंगामाचे दिवस, ऑर्डरी तोंडावर.

पुढचं सांगून टाकते. साइटच्या किल्ल्या, म्हणजे ते पासवर्ड का काय असतात ते, त्या दिवसापासून माझ्याकडे आल्या. दिवाळीत शेड झाडायची, साइट नाही, असा नियम झाला. गेलेली गिऱ्हाइकं मात्र परत आली नाहीत. ज्याने एकदा पान नाही असं वाचलं, तो आम्ही मेलो असंच समजून पुढे गेला होता, आणि आम्ही जिवंत आहोत हे त्याला सांगणार कोण? लातूरवाल्याला मी स्वतः फोन केला तेव्हा तो म्हणाला, अरे, तुम्ही अजून आहात होय. अण्णांनी पुढची सगळी मशिनं दोन दांड्यांची केली, एक उजवीकडे, एक डावीकडे. का, ते गिऱ्हाइकांनी विचारलं की ते नुसतं "लागती" म्हणायचे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या संध्याकाळचा चहा. दादाने फोन केल्यावर वेबसाइटवाला स्कूटरवरून आला. मी स्टोव्हवर चहा केला आणि कप त्याच्या शेजारी ठेवला. बंद शेडच्या शांततेत त्याच्या बोटांची टकटक तेवढी ऐकू येत होती. पिवळ्या कागदाचं पान त्याच्याकडे होतंच, एका जुन्या सीडीत. ते त्याने जुन्या नावाने परत चढवलं. मी टेबलावरची ती वाकडी पाटी हातात घेऊन पत्ता एकेक अक्षर वाचून दाखवला, त्याने टाइप केला, आणि पान उघडलं. लाल दांडी, बाण, अण्णांचं वाक्य, हात आत न्हाय, पेंढी आत. तीन दिवाळ्या आणि त्या बाईची दोन बोटं गेल्यावर.

त्याने कप उचलला. चहा अजून गरम होता, त्याला फुंकर मारावी लागली. पहिला घोट घेऊन तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढंच हुतं व्हय? आधी सांगायचं की, ताई."